हाडं दिसतात, मला कुठली शुगर?

(गावातल्या आरोग्य उपकेंद्राची ओसरी. सकाळचे नऊ.)

"अगं, माझी हाडं दिसायला लागलीत. मला कुठली आलीय शुगर?"

आजी आशाताईंना दटावतात. आशाताई हसत हसत त्यांच्या कमरेला टेप लावतात. 84 सेंटिमीटर. बायकांनी 80 ओलांडले की सावध व्हायचं.

आजींसारखंच सगळे म्हणतात. पण पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. उंचीच्या मानाने वजन दोघांचं सारखंच, बीएमआय 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2! आपला बारीकपणा असा फसवा.

(बोटाच्या कडेला सुई. कापसाने पुसलेला पहिला थेंब. यंत्रावर आकडा: 168.)

आजी चहा-बटर खाऊन आल्यात, त्यामुळे एवढ्यावर मधुमेहाचा शिक्का मारायचा नाही. पण 140 च्या वर गेलं की उपाशीपोटी पुन्हा तपासायचं. तेव्हा 100 ते 125 आलं तर मधुमेह उंबरठ्यावर आहे, आणि माघारी धाडता येतो. 126 किंवा जास्त आलं, तर आणखी एकदा खात्री करून उपचार.

"उद्या तशीही एकादशी आहे," आजी म्हणतात. "उपाशीच असते मी."

उपाशी? साबुदाणा, रताळं, बटाटा! साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात ते उगीच नाही. उलट, गोळ्या चालू असलेल्या म्हाताऱ्या माणसाने खरोखर निर्जळी धरली, तर साखर एकदम खाली येऊन भोवळ येते. उपासाआधी डॉक्टरांना विचारलेलं बरं. भाकरी चांगली, पण चार नाहीत. शतपावली चांगली, पण शंभर पावलांवर थांबायचं नाही. रोज अर्धा तास चालायचं.

आजींना तहान नाही, थकवा नाही. दुखत नाही म्हणून तपासणी राहते, आणि तोवर साखर पायाच्या नसा बधिर करत जाते.

(पायरीवर एक चप्पल. ओसरीत शिरणारे आजोबा, एक पाय अनवाणी.)

"आबा, चप्पल कुठं सुटली?"

"सुटली? पायातच तर आहे."