नवा कोरा टीव्ही आणि एक हिरवी रेघ

नमस्कार श्रोतेहो.

माझ्या ताईचा फोन आला तेव्हा तिच्या घरी नवा टीव्ही येऊन पाच दिवस झाले होते. म्हणाली, "आवाज छान आहे, चित्र छान आहे, पण डावीकडे वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ दिसते. केसाएवढी बारीक. कधी असते, कधी नसते. परत करू, की दुरुस्त करून घेऊ?" टीव्ही दुरुस्ती हे माझं रोजचं काम, त्यामुळे तिनं मलाच विचारणं साहजिक होतं. मी तिला म्हणालो, "घाई करू नकोस. रविवारी येतो, बघतो." रविवारी गेलो तर रेघ कायमची झाली होती. बिल मागून घेतलं, तारीख वाचली. माल परत घ्यायची मुदत आदल्याच दिवशी संपली होती.

त्या "घाई करू नकोस"ची मला अजून खंत वाटते. म्हणून आज हा विषय घेतलाय. बिघडलेला निघालेला नवा टीव्ही परत करावा की दुरुस्त करून घ्यावा, हे ठरवताना आपण बिघाड केवढा आहे ते बघत बसतो. मी आता आधी तारीख बघतो. आज परत केला नाही, तर उद्या दुरुस्तीची सोय असतेच, कारण वॉरंटी पुष्कळ दिवस चालते. पण आज दुरुस्तीला दिला आणि ती जमली नाही, तर उद्या परत करता येईलच असं नाही. परतीची मुदत छोटी असते, आणि टेक्निशियनची वाट बघण्यात ती कधी सरते ते कळतसुद्धा नाही. ही मुदत किती, ती बिलाच्या तारखेपासून मोजायची की माल घरी पोचल्यापासून, हे ठिकाणागणिक आणि विक्रेत्यागणिक वेगळं असतं. बिलामागच्या बारीक अक्षरांत ते सापडतं. बिघाड दिसला की पहिलं काम म्हणजे ती अक्षरं वाचणं.

अर्थात, बिघाड टीव्हीचाच आहे ना, हे आधी पक्कं करायला हवं. माझ्याकडे येणाऱ्या नव्या टीव्हीच्या कितीतरी तक्रारी शेवटी केबलच्या निघतात, सेट टॉप बॉक्सच्या निघतात, नाहीतर सेटिंगच्या. त्यासाठी एक सोपी पारख सांगतो. रिमोटवरून टीव्हीचा स्वतःचा मेनू उघडा. हा मेनू टीव्हीच्या आतच तयार होतो, बाहेरच्या केबलशी त्याचा काही संबंध नसतो. मेनूच्या मागं चित्र फाटतंय, ठिपके उडताहेत, पण मेनूची अक्षरं मात्र स्वच्छ दिसताहेत, असं असेल तर दोष बाहेरून येतोय. एचडीएमआय केबल बदला, दुसऱ्या पोर्टमध्ये लावा. केबल लांब किंवा जुनी असेल तर फोर-केचा, म्हणजे जास्त बारकाव्याच्या चित्राचा, सिग्नल तिला कधी कधी झेपत नाही आणि पडदा मधूनच काळा होतो. पण रेघ मेनूच्या अक्षरांवरूनही तशीच जात असेल, तर दोष टीव्हीच्या आत आहे. मग केबल बदलण्यात दिवस घालवू नका.

संध्याकाळी चित्र आपोआप मंद होतंय? खोलीतला उजेड मोजणारा सेन्सर पुष्कळ नव्या टीव्हींत असतो, ते वीज वाचवण्याचं सेटिंग बंद करून बघा. माणसं घसरल्यासारखी, फारच गुळगुळीत हलताना दिसताहेत? तेही सेटिंगच. अ‍ॅप अडकताहेत, आवाज ओठांच्या मागं राहतोय? सॉफ्टवेअर अपडेट करा, फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे सगळी सेटिंग पुसून टीव्ही नव्यासारखा कोरा करा. या सगळ्याला एक संध्याकाळ पुरते.

आता दोष आतलाच आहे असं ठरलं, तर तो पॅनेलमध्ये आहे की बोर्डात, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. इथे जरा थांबतो, कारण गिऱ्हाइकाला हे कुणी नीट सांगत नाही.

एलसीडी टीव्ही साधारणपणे मागून पुढे असा रचलेला असतो: मागं एलईडी दिव्यांच्या पट्ट्या, त्यांच्यापुढे उजेड सगळीकडे सारखा पसरवणारी जाड शीट, तिच्यावर दोन-तीन पातळ फिल्म, आणि सगळ्यांच्या पुढे काच. या काचेला आम्ही पॅनेल म्हणतो. मागच्या बाजूला वेगळे बोर्ड असतात. एक वीज पुरवणारा पॉवर सप्लाय, एक मेन बोर्ड म्हणजे टीव्हीचा मेंदू, आणि काही टीव्हींत टीकॉन, जो पॅनेलला कुठला ठिपका कधी उजळायचा ते सांगतो.

बोर्डाचा बिघाड असेल तर दुरुस्ती सरळ असते. टीव्ही चालूच होत नाही, लाल दिवा नुसता लुकलुकतो, वायफाय सापडत नाही, एखादा एचडीएमआय पोर्ट मेलेला आहे, अशी लक्षणं असली तर मागचं झाकण उघडतात, चार स्क्रू काढून बोर्ड बदलतात आणि झाकण लावतात. काचेला हातही लागत नाही. असा दुरुस्त झालेला टीव्ही मी माझ्या घरी निर्धास्त ठेवीन.

पॅनेलचं तसं नाही. काचेच्या कडेला लवचिक पट्ट्या चिकटवलेल्या असतात आणि प्रत्येक पट्टीवर एक चिप बसवलेली असते. त्या पट्टीतले तांब्याचे धागे केसापेक्षा बारीक असतात, आणि ते काचेला सोल्डरिंगनं जोडलेले नसतात. वीज वाहून नेणारी एक चिकट फिल्म मध्ये ठेवून, उष्णता आणि दाब देऊन, कारखान्यात ते बसवलेले असतात. त्यातला एखादा जोड कच्चा राहिला की ठिपक्यांचा एक उभा स्तंभच बिघडतो आणि पडद्यावर उभी रेघ दिसते. सुरुवातीला ती येते-जाते, कारण टीव्ही तापला की जोड किंचित सरकतो. ताईला "कधी असते, कधी नसते" दिसत होती ती अशी. मागून त्या पट्टीवर कापूस दाबून, टेप लावून रेघ घालवल्याचे प्रकार चालतात. जुन्या टीव्हीला ते चालून जाईल. नव्या टीव्हीला कुणी तसं करू लागला तर त्याचा हात धरा.

म्हणून अशा वेळी कंपनी पॅनेलच बदलते. पॅनेल हा टीव्हीतला सगळ्यात महागडा भाग, आणि तो बसवायची खरी जागा धूळ नसलेल्या खोलीत असते. ताईच्या घरी तो पलंगावर बसवला गेला. कंपनीकडून आलेला मुलगा मेहनती होता, काम जाणणारा होता. त्यानं पंखा बंद करायला सांगितला, धुतलेली चादर अंथरून घेतली, टीव्ही पालथा घालून स्क्रू काढले, मग उलटून सक्शन कप लावून काच अलगद उचलली. ती एवढी पातळ असते की उचलताना वाकते. श्वास रोखून बघावं असं काम. नवी काच बसली, रेघ गेली, ताईला हायसं वाटलं. मग मी पूर्ण पांढरं चित्र लावून बघितलं. उजव्या कोपऱ्याच्या जरा आत, तिळाएवढा एक करडा डाग. ताई फडकं घेऊन पुसायला गेली. पुसला जाईना, कारण तो काचेच्या मागं होता. काच वर उचललेली असताना धुळीचा कण फिल्मवर बसला आणि आत बंद झाला. त्या मुलाची यात चूक म्हणावी असं काही नव्हतं. पलंगावर याहून चांगलं काम होत नाही.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे. परतीच्या मुदतीत पॅनेलचा दोष दिसला, मग ती रेघ असो, कोपऱ्यातून फुटणारा उजेड असो, की एका बाजूला काळपट पडलेला पडदा असो, तर टीव्ही उघडू देऊ नका. परत करा, नाहीतर बदलून घ्या.

मेलेल्या पिक्सेलची, म्हणजे पडद्यावरच्या बंद पडलेल्या ठिपक्याची, गोष्ट मात्र थोडी वेगळी आहे, आणि तिथे लोक हमखास फसतात. फोर-के टीव्हीत आडवे 3840 आणि उभे 2160 ठिपके असतात, म्हणजे 82 लाख 94 हजार 400. प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन उपठिपके धरले, तर जवळपास अडीच कोटी. यातला एकही चुकायचा नाही, असं आश्वासन बहुतेक कंपन्या देत नाहीत. सदोष पिक्सेलसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे. आधी 2001 सालचं आयएसओ 13406-2 होतं, 2008 मध्ये त्याची जागा आयएसओ 9241 मालिकेनं घेतली. पॅनेलची प्रतवारी त्यात ठरवलेली आहे. जुन्या मानकातल्या दुसऱ्या वर्गात दर दहा लाख पिक्सेलमागे सतत उजळ राहणारे 2, सतत काळे राहणारे 2 आणि अडकलेले उपठिपके 5 चालत असत. फोर-केच्या आकड्याला हा हिशेब लावला तर सोळाएक उजळ आणि तेवढेच काळे ठिपके असलेला पडदाही त्या वर्गात 'चांगला' ठरतो. कंपन्यांच्या वॉरंटीच्या अटी स्वतःच्या असतात, पण विचाराची पद्धत हीच. डोळ्यांसमोर, बरोबर मधोमध एक काळा ठिपका असला, तरी वॉरंटीत "हा दोष मर्यादेच्या आत आहे" असं ऐकावं लागू शकतं. परतीच्या मुदतीत, विशेषतः कारण न विचारता माल परत घेण्याची सोय असेल तिथे, ही मर्यादा आडवी येत नाही. म्हणजे पिक्सेलच्या दोषाला परत करणं हाच बहुतेक वेळा एकमेव उपाय असतो, आणि तो थोड्याच दिवसांपुरता.

आता विक्रेता काय म्हणतो? बहुतेकदा म्हणतो, "आधी कंपनीत तक्रार करा, माणूस येऊन बघेल." ठीक आहे, करा, पण त्याच दिवशी विक्रेत्याकडेही लेखी कळवा: ईमेल, मेसेज, काहीही चालेल, फक्त तारीख दिसली पाहिजे. "अमुक तारखेला घेतलेल्या टीव्हीत असा दोष आहे, मला तो परत करायचा आहे." फोनवर बोललेलं कुणाला आठवत नाही. तक्रार क्रमांक मागून घ्या. दोषाचा व्हिडिओ काढा, त्यात मेनू उघडून दाखवा, आणि मागच्या लेबलवरच्या सिरियल नंबरचा फोटो काढून ठेवा. येणारी-जाणारी रेघ टेक्निशियनसमोर हमखास दडून बसते, तेव्हा हा व्हिडिओच कामाला येतो. टेक्निशियन आला की नम्रपणे सांगा, "आज उघडू नका. काय दोष आहे ते जॉबशीटवर, म्हणजे तुमच्या कामाच्या कागदावर, लिहून द्या." मी स्वतः टेक्निशियन आहे, या बोलण्याचा मला कधी राग आला नाही. "चेक केला, ओके" एवढंच लिहून कुणी सही मागत असेल, तर करू नका. दोष त्यावर लिहून मगच करा.

कधी दुरुस्तीच बरी असते, तेही सांगायला हवं. दोष बोर्डाचा, स्पीकरचा, रिमोटचा असेल आणि पडदा मात्र अप्रतिम, एकसारखा असेल, तर तो पडदा सोडू नका. एकाच मॉडेलच्या दोन टीव्हींचे पडदे सारखे नसतात. करडं चित्र लावलं की एकात उभे पट्टे दिसतात, दुसऱ्यात दिसत नाहीत. बोर्डासाठी टीव्ही बदलला आणि बदल्यात डागाळलेलं पॅनेल आलं, असं मी पाहिलेलं आहे. अशा वेळी मुदत संपायच्या आत दुरुस्ती होणार का, ते मात्र लेखी विचारून घ्या. आणि बदलून आलेल्या टीव्हीत पुन्हा तोच दोष निघाला, तर तिसरा त्याच मॉडेलचा घेऊ नका. दोष त्या अख्ख्या खेपेत असू शकतो. पैसे परत मागा किंवा दुसरं मॉडेल घ्या.

दुरुस्तीच करायची ठरली, तर बसवणार तो भाग नवा आहे की दुरुस्त केलेला, आणि त्याची वॉरंटी किती, एवढं विचारा. विचारण्यात संकोच कसला?

खोक्याचं सांगायचं राहिलंच. परतीची मुदत संपेपर्यंत खोका, थर्मोकोल, स्टँडचे स्क्रू, पिशव्या, काही टाकू नका. टीव्ही नेहमी उभाच न्या, आडवा टाकून नेला की काच तडकू शकते, आणि तडकलेली काच वॉरंटीत येत नाही. उचलताना खालच्या कडेला धरा, पडद्यावर बोटं दाबू नका. टीव्ही घराबाहेर जाण्याआधी फॅक्टरी रीसेट करा. टीव्हीत तुमचा ईमेल, पासवर्ड, पाहिलेल्या कार्यक्रमांची यादी, सगळं असतं.

या दोन-चार दिवसांत तुमच्या घरी नवा टीव्ही आला असेल, तर आज रात्री तो सलग चार-पाच तास चालू ठेवा, म्हणजे तो नीट तापेल. कच्चे जोड तापल्यावरच दिसतात. मग खोलीतले दिवे बंद करून एकामागून एक पूर्ण पांढरं, करडं, काळं, लाल, हिरवं, निळं चित्र लावा आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत नजर फिरवा. ताईकडे हे पहिल्याच रात्री केलं असतं तर ती रेघ बहुधा तेव्हाच दिसली असती, आणि हातात सगळे दिवस शिल्लक असते. तिचा टीव्ही आजही चालतो. पडद्यावर बर्फाचं, ढगांचं, पांढऱ्या भिंतीचं दृश्य आलं की ती अजून उजव्या कोपऱ्याकडे बघते.

नमस्कार.