१९५१ चं नागपूर कुठे शोधाल?

मित्रहो, १९५१ च्या जनगणनेतला नागपूर जिल्हा शोधायला तुम्ही मुंबई राज्याचे खंड चाळायला घेतलेत, तर तो सापडणार नाही. तो मध्य प्रदेशच्या खंडांत आहे, कारण तेव्हा नागपूर त्या राज्याची राजधानी होती. महाराष्ट्राच्या खंडांत आपण विदर्भवाले येतो ते १९६१ पासून. पुढे १९८२ मध्ये चंद्रपुरातून गडचिरोली वेगळा निघाला, १९९९ मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया. १९८१ च्या छापील तक्त्यातला चंद्रपूर आणि १९९१ चा चंद्रपूर शेजारी ठेवले, तर जिल्ह्याची लोकसंख्या चक्क घटलेली दिसते. जनगणनेत जिल्ह्याला दिलेल्या कोडचंही तेच. २००१ मध्ये नागपूर जिल्ह्याचा कोड ९ होता, २०११ मध्ये तो ५०५ झाला. दोन फाइली कोडवरून जोडायला गेलात की एक तर जोडणी होणार नाही, नाही तर भलत्याच जिल्ह्याशी होईल.

हे आपल्याकडच्या ज्येष्ठ संशोधकांना तोंडपाठ असतं. अडचण हीच आहे की ते फक्त तोंडपाठ असतं. प्रकल्प संपतो, मुलं नोकरीला लागतात, सर निवृत्त होतात आणि संस्थेत उरते ती एक फाइल. तिच्यातल्या रकान्यांची नावं क्यू १२, क्यू १३ अशी. प्रश्नावली कुठल्या कपाटात आहे ते कुणालाच ठाऊक नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की डेटा दुसऱ्याच्या हाती देण्याची तयारी सर्व्हेच्या पहिल्या दिवशी सुरू व्हायला हवी. अहवाल छापल्यावर ती होत नसते.

एकच रकाना जवळून पाहू : लग्नाच्या वेळचं वय. सर्व्हेत ९८ म्हणजे ‘माहीत नाही’ आणि ९९ म्हणजे ‘उत्तर नोंदलेलं नाही’ असे संकेत सर्रास वापरतात. कोडबुक, म्हणजे रकान्यांचा आणि संकेतांचा अर्थ सांगणारी वही, सोबत नसेल, तर नवखा विद्यार्थी सरळ सरासरी काढतो आणि ती दोन-तीन वर्षांनी वर सरकते. आकडा अशक्य वाटत नाही, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या फाइलींत प्रत्येक नोंदीला भार (हिशेबात त्या नोंदीला किती वजन द्यायचं तो आकडा) दिलेला असतो, पण दशांशचिन्हाशिवाय. त्याला दहा लाखांनी भागायचं असतं. हे कोडबुकात लिहिलेलं आहे, म्हणूनच जगभरचे लोक ती फाइल वापरू शकतात.

आता देण्याबद्दल. नाव आणि मोबाइल नंबर काढून टाकला की माणूस ओळखू येत नाही, हा समज विदर्भात तर फारच धोक्याचा आहे. गडचिरोलीतल्या माडिया किंवा यवतमाळमधल्या कोलाम वस्तीचा विचार करा. फाइलीत गाव आहे, जमात आहे, वय ४२ आणि व्यवसाय अंगणवाडी सेविका. गावात अंगणवाडीच एक असेल, तर ती बाई कोण हे विचारावं लागत नाही. मग तिचा गर्भपात, तिच्या दगावलेल्या बाळाची नोंद, सगळं उघडं पडतं. म्हणून गावाऐवजी तालुका द्या, वय पाच-पाच वर्षांच्या गटांत बांधा आणि तक्त्यातल्या अगदी लहान संख्या झाका. राष्ट्रीय पाहणीतही नमुना-वस्तीचं, म्हणजे पाहणीसाठी निवडलेल्या वस्तीचं, ठिकाण नकाशावर मुद्दाम हलवलेलं असतं : शहरात २ किलोमीटरपर्यंत, ग्रामीण भागात सहसा ५ किलोमीटरपर्यंत. जनगणना कायदा, १९४८ च्या कलम १५ नुसार जनगणनेतली वैयक्तिक नोंद कोर्टातही पुरावा म्हणून चालत नाही. आपल्या छोट्या सर्व्हेमागे तो कायदा उभा नसतो, तेव्हा ही जबाबदारी संस्थेनेच घ्यायची.

पण गोपनीयतेचं नाव पुढे करून डेटा दाबून ठेवणं मला अजिबात मान्य नाही. ‘आमचा पेपर आधी येऊ द्या’ हे समजू शकतो. त्यासाठी एक-दोन वर्षांची मुदत लेखी ठरवा आणि ती संपली की अर्ज करणाऱ्याला फाइल द्या. दुसऱ्याकडून करारावर घेतलेला डेटा मात्र पुढे वाटायचा नाही. तिथे आपण आकडेमोडीसाठी लिहिलेला संगणकीय प्रोग्राम आणि तयार केलेले तक्ते द्यावेत. स्वतःच्या फाइलींच्या प्रती निदान दोन ठिकाणी हव्यात. २०२५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेने मदत थांबवली आणि अनेक देशांच्या लोकसंख्या-आरोग्य पाहण्यांचा डेटा देणारा डीएचएस (डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हेज) कार्यक्रम ठप्प झाला. नव्या अर्जदारांचे अर्ज तसेच पडून राहिले. एवढ्या मोठ्या कार्यक्रमाची ही गत होऊ शकते.

आपल्याकडची शेवटची जनगणना २०११ ची, पुढचीचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७. मधल्या काळातले दर आपण अंदाजित लोकसंख्येवर काढत आलो. अशा वेळी एखाद्या संस्थेने चार तालुक्यांत नीट केलेली घरोघरची मोजणी फार मोलाची ठरते.

आणि ज्या गावांनी वेळ दिला, त्यांना एकूण आकड्यांचा तक्ता मराठीत द्या, गोंडी बोलणाऱ्या गावात गोंडीतून समजावून सांगा. तो ग्रामसभेत वाचून दाखवला, की कुठली वाडी दोनदा मोजली गेली आणि वीटभट्टीवर गेलेली कोणती घरं सुटली, हे लोक तिथल्या तिथे सांगतात. ती दुरुस्ती तारखेसह कोडबुकात चढवा आणि मगच फाइल बाहेर जाऊ द्या.