तीन तोळे अफू

गोव्यात अमली पदार्थांचा विषय निघाला की बोलणे हणजूणच्या किनाऱ्यावर आणि हिप्पींवर येऊन अडते. आज आपण त्याच्या चारशे वर्षे मागे जाऊ. गार्सिया द ओर्ता हे पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आले आणि अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहालाही औषधे देऊ लागले. इथल्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात भांग, धोत्रा आणि अफू तिन्ही आहेत. चोर जेवणात धोत्रा मिसळतात, खाणारा हसत बसतो आणि घर लुटले जाते, असे ते लिहितात. ही युक्ती रेल्वेच्या डब्यांपर्यंत टिकली.

मात्र त्यातली सर्वांत मोलाची नोंद निजामशहाच्या एका खुरासानी चिटणिसाची आहे. हा गृहस्थ रोज तीन तोळे अफू खाई. सदा पेंगलेला असे. पण काम पुढे ठेवले की जाणत्या माणसासारखा बोले. आता हिशेब करा. तोळा साडेअकरा ग्रॅमच्या आसपास धरला तर तीन तोळे म्हणजे सुमारे ३५ ग्रॅम. अफूत साधारण दहा टक्के मॉर्फिन असते, म्हणजे साडेतीन ग्रॅम. कर्करोगाच्या वेदनेसाठी नवख्या रुग्णाला मॉर्फिन तोंडाने सुरू करतात ते ५ ते १० मिलिग्रॅमपासून. चिटणिसाची रोजची अफू आपल्यातल्या कोणी खाल्ली तर श्वास थांबेल. तो मात्र दरबारात कागद लिहीत होता.

याला सराव म्हणतात, आणि तो सगळ्या परिणामांना सारखा होत नाही. गुंगी, मळमळ, श्वास मंदावणे यांना शरीर बऱ्याच अंशी सरावते. बद्धकोष्ठाला जवळजवळ नाही. मात्रा वाढत जाते ती सरावामुळे, आणि घात होतो तो सराव उतरल्यावर. काही आठवडे तुरुंगात किंवा उपचार केंद्रात काढून बाहेर आलेला माणूस जुनीच मात्रा घेतो, आणि ती त्याला झेपत नाही. ओपिऑइडने, म्हणजे अफूच्या जातीच्या औषधांनी, होणाऱ्या मृत्यूंत हे वारंवार दिसते. नालोक्सोन हे उतारा-औषध वेळेत मिळाले तर श्वास परत येतो. पण त्याचा असर अर्ध्या-एक तासात ओसरू लागतो, तेव्हा रुग्णाला एकटे सोडून चालत नाही.

पदार्थ कोणता, यापेक्षा तो किती दाट झाला आणि कोणत्या वाटेने रक्तात गेला, हे विचारले तर हा सगळा इतिहास उलगडतो. त्याचा धडा गिरवायला काजूची दारू गाळणाऱ्या भट्टीइतकी चांगली शाळा नाही.

पिकून गळलेली बोंडे गोळा करायची, बी पिरगळून काढायची, बोंडे तुडवायची किंवा यंत्रात दाबायची. चोथ्यावर वजन ठेवल्यावर आपसूक गळतो तो नीरो, ताजा आणि बिननशेचा. तुडवलेला रस दोन-तीन दिवस आंबवतात. बाहेरून यीस्ट घालत नाहीत, बोंडांवर असते तेच पुरते. साखर संपली की आंबणे थांबते आणि मद्यार्क काही टक्क्यांवरच अडतो. इथे उशीर केला तर ॲसेटिक आम्लाचे जीवाणू शिरतात आणि रस आंबूस होऊन वाया जातो. मग भाण, म्हणजे दारू गाळायचे भांडे, चुलीवर चढते. मद्यार्क ७८ अंशांच्या थोडा वर उकळतो, पाणी १००ला. त्यामुळे आधी निघणारी वाफ मद्यार्काने समृद्ध असते. पहिल्या वाफेचे हुर्राक, साधारण पंधरा टक्क्यांचे. ते आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा भट्टीवर चढवले की फेणी, सुमारे ४२-४३ टक्के. जाळ मोठा झाला तर रस उसळून नळीत येतो, तळ करपतो, तो वास पुढे जात नाही. तांब्याचे भाण नीट घासले नसेल तर आंबट रस हिरवट कळंक उचलतो. थंड करायचे पाणी तापले की वाफ जमत नाही, उडून जाते. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हुर्राक मात्र हंगामाचा पाहुणा, मार्च ते मे.

एक गैरसमज इथेच निपटू. विषारी दारूने माणसे आंधळी होतात ते भट्टी गावठी असते म्हणून नव्हे. फळातल्या पेक्टिनमुळे थोडे मेथॅनॉल, म्हणजे मद्यार्काचा विषारी भाऊबंद, तयार होते खरे, पण सामूहिक मृत्यूंमागे बहुधा कोणीतरी मिसळलेले औद्योगिक मेथॅनॉल असते. यकृतात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते डोळ्याच्या मज्जातंतूला मारते.

भट्टीने रसाचे जे केले ते रसायनशाळेने अफूचे केले. जर्मन औषधविक्रेता सेर्ट्युर्नर याने १८०५च्या सुमारास अफूतून मॉर्फिन वेगळे काढले. ॲलेक्झांडर वूड यांनी १८५३ मध्ये पोकळ सुईने ते त्वचेखाली देणे रूढ केले. १८९८ मध्ये बायर कंपनीने हेरॉइन बाजारात आणले, तेही खोकल्याचे औषध म्हणून. प्रत्येक पायरीवर दाटपणा वाढला आणि वाट आखूड झाली. गिळलेल्या मॉर्फिनचा मोठा भाग यकृतातच खर्ची पडतो आणि असर यायला अर्धा तास लागतो. शिरेत घेतलेले हेरॉइन काही सेकंदांत मेंदूत असते. व्यसन जडण्यात या वेगाचा वाटा फार मोठा आहे. कोकाची पाने चघळणारे दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले लोक आणि १८६०च्या आसपास त्याच पानांतून काढलेली कोकेनची भुकटी यांच्यातला फरकही हाच.

राज्यकर्त्यांचे लक्ष मात्र करावर होते. ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी बंगालच्या अफूवर होती. माळव्याची अफू संस्थानिकांच्या मुलखात पिकत असे. १८०५ मध्ये कंपनीने तिची मुंबईतून निर्यात बंद केली, तशी ती पोर्तुगीजांच्या दमण आणि दीवमार्गे चीनच्या किनाऱ्यावरच्या मकावला जाऊ लागली. त्या व्यापारात मुंबईचे गोमंतकीय व्यापारी रोजेरियू द फारिया होते, जमशेटजी जीजीभॉयही होते. बंदी चालेना म्हणून १८३० पासून कंपनीने पेटीमागे शुल्क घेऊन परवाने सुरू केले. १८४३ मध्ये सिंध जिंकून या अफूची कराचीमार्गे जाणारी वाट अडवल्यावर ते शुल्क वाढवत नेले. पुढे १८७८च्या आंग्ल-पोर्तुगीज कराराने गोव्याच्या मिठावर आणि अबकारीवरही इंग्रजांचा हात पडला, तो १८९२ पर्यंत. १८९३-९४च्या भांग-गांजा आयोगानेही बंदीऐवजी कर आणि नियंत्रण सुचवले. त्याचे कारण नुसता महसूल नव्हता, शेकडो साक्षी घेतल्यावर माफक सेवनात मोठी हानी त्यांना आढळली नव्हती.

आजचा १९८५चा अमली पदार्थ कायदा वाचताना त्यातला वजनांचा तक्ता जरूर बघा. 'व्यावसायिक मात्रा', म्हणजे जिच्यापुढे शिक्षा सर्वांत कडक होते ते वजन, गांज्याची २० किलो, अफूची अडीच किलो, चरसाची १ किलो, हेरॉइनची २५० ग्रॅम, कोकेनची १०० ग्रॅम आणि एलएसडीची दशांश ग्रॅम. आकडे उतरतात तसा दाटपणा चढतो. फुलोऱ्याच्या शेंड्यांशिवायची पाने आणि बिया गांज्याच्या व्याख्येतच येत नाहीत, म्हणून भांग केंद्राच्या या कायद्याबाहेर राहून राज्यांच्या अबकारी नियमांखाली येते.

पण वजन कशाचे करायचे? पकडलेल्या भुकटीत हेरॉइन पाच टक्के आणि बाकी भेसळ असेल, तर नुसत्या हेरॉइनचे की सगळ्या पुडीचे? २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फक्त अमली भाग मोजा असे म्हटले. एप्रिल २०२० मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने ते फिरवले. आता भेसळीसकट सगळे मोजले जाते. तर्क असा की हा माल भेसळ होऊनच विकला जातो. घेणाऱ्यालाही नेमके तेच ठाऊक नसते: आजच्या पुडीत पाच टक्के आहे की चाळीस.