सकाळचा आकडा सकाळपुरता

(दृश्य : गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली बंद चिऱ्यांची खाण. सकाळचे साडेसात. सरळसोट कापलेल्या लाल भिंती, कडेला काजूची झाडं.)

इथून चिरे कापून नेले, कुणाची घरं झाली, कुणाची कुंपणं झाली, आणि मागे राहिला हा खड्डा. आता भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची, परवानगी घेऊन महिन्यातले दोन रविवार इथे दहा-पंधरा पोरं जमतात, सोबत पन्नाशीतले दोन काकाही, आणि तेच सगळ्यात जास्त धावतात. खेळ आहे एअरसॉफ्ट. बंदूक दिसायला खरी, आतून सुटते सहा मिलिमीटरची प्लास्टिकची गोळी, हिला सगळे बीबी म्हणतात. दिसायला खरी म्हणूनच पंचायतीला आणि पोलीस स्टेशनला आधी सांगून ठेवलेलं असतं, आणि गाडीतून आणताना सगळं बॅगेत बंद. रस्त्यावर बाहेर काढून फोटो काढणाऱ्याला परत बोलवत नाहीत, विषय संपला.

खेळ सुरू व्हायच्या आधी एक प्लास्टिकचं टेबल मांडलं जातं. त्यावर क्रोनो, म्हणजे वेग मोजायचं यंत्र. आत एकामागे एक असे दोन सेन्सर, बीबी पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत किती वेळात गेली ते मोजायचं आणि वेग काढायचा, एवढंच काम. आकडा येतो एफपीएसमध्ये, सेकंदाला किती फूट.

टेबलामागे बसतो त्याला सगळे मास्तर म्हणतात. पेशाने एसी रिपेअरवाला. आठवडाभर लोकांच्या एसीतला गॅस बघतो आणि रविवारी यांच्या बंदुकांतला.

(दृश्य : रांग. मास्तर एकेकाच्या मॅगझिनमधले बीबी काढून आपल्या डब्यातले भरतोय.)

हे बघा, हा मुद्दा महत्त्वाचा. मास्तर कुणालाच स्वतःचे बीबी वापरून क्रोनो करू देत नाही. बीबी वेगवेगळ्या वजनाचे येतात, ०.२० ग्रॅम, ०.२५, ०.२८, पुढे ०.४० पर्यंत आणि त्याच्याही वर, आणि दिसायला सगळे सारखेच पांढरे. एखाद्याने ०.२० म्हणून गुपचूप ०.२८ भरले तर गोळी जड, वेग कमी, आकडा गुणी बाळासारखा खाली, आणि बंदूक मात्र तापट ती तापटच. दुसरी चलाखी हॉप-अपची. हॉप-अप म्हणजे नळीच्या सुरुवातीला रबराचा एक छोटा उंचवटा, तो बीबीला उलटी फिरकी देतो आणि त्या फिरकीमुळे गोळी हवेत तरंगत लांब जाते. तो पूर्ण आवळला की गोळी घासत निघते, वेग पडतो. क्रोनोला आवळायचा, मैदानात सैल करायचा. म्हणून मास्तर हॉप-अप आधी स्वतः बघतो आणि मग ट्रिगर दाबायला सांगतो.

आजचा पहिला वाद सातव्या नंबरवर झाला. पोरगा नवीन, फोंड्याहून आलेला, रायफल इलेक्ट्रिक, चकचकीत. क्रोनोने दाखवले ३५२. पोरगा खूश, म्हणाला ३५० ची लिमिट आहे ना दादा, दोनाने काय होतं, सोडा की.

मास्तर हसला. लिमिट ३५० खरी, पण ती ०.२० च्या बीबीला. आज सगळे खेळतायत ०.२५ ने.

इथे जरा थांबून हिशेब करू, कारण नव्या लोकांचं नव्वद टक्के भांडण इथेच होतं. लागतं ते वेगाने एकट्याने नाही लागत, लागतं ते ऊर्जेने, आणि ती मोजतात ज्यूलमध्ये : वजनाचं अर्ध, गुणिले वेगाचा वर्ग. ०.२० ची गोळी ३५० ने सुटली तर होतात साधारण १.१४ ज्यूल. तेवढेच ज्यूल ०.२५ ने हवे असतील तर वेग ३१३ च्या पुढे जाता कामा नये. आणि या पोराचे ३५२ म्हणजे जवळपास १.४४ ज्यूल, दोनाने नाही रे बाबा, पाव पटीहून जास्त. वर्गाचा खेळच असा आहे, ३५० वरून ४०० ला जाताना वेग वाढतो सातवा हिस्सा पण ऊर्जा वाढते तीस टक्के. म्हणून आता बरेच जण लिमिट ज्यूलमध्येच सांगतात, जपानमध्ये २००६ पासून कायद्यातच एक ज्यूलच्या जराशी खाली रेघ मारलेली आहे, आणि इलेक्ट्रिक एअरसॉफ्टची सुरुवातही तिथलीच, टोकियो मारुई या कंपनीने १९९१ मध्ये आणलेली फामास रायफल.

(दृश्य : चिऱ्यावर अंथरलेला टॉवेल. सुटी केलेली रायफल.)

मग ती रायफल उघडली. आतला कारभार तसा साधा : मोटर गिअर फिरवते, गिअर पिस्टनला मागे ओढतो, मागे असते स्प्रिंग, गिअर सुटला की स्प्रिंग पिस्टनला पुढे ढकलते आणि दाबलेली हवा नोझलमधून बीबीला हाकलते. वेग हवा असेल किंवा नको असेल, पहिलं बघायचं ते स्प्रिंगकडे. स्प्रिंगवर आकडा असतो, एम ९०, एम १००, एम १२०, तो मोटामोटी मीटर प्रति सेकंद, ०.२० च्या बीबीला धरून. मोटामोटी म्हणतोय कारण पिस्टनची ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी रबराची कडी, नीट बसत असेल आणि नळीतून हवा गळत नसेल तर तीच स्प्रिंग जास्त देते, आणि गळत असेल तर कमी. या रायफलीत निघाली एम १२०. दुकानदाराने पोराला सांगितलं होतं, पॉवरफुल आहे. होतीच.

मागे एकदा अशाच वेळी कुणीतरी स्प्रिंगचा एक वेढा पक्कडने कापला होता. जुगाड चालतो, खोटं नाही, पण कापलेला वेढा परत जोडता येत नाही, आणि टोक वाकडं बसलं की पिस्टन तिरका ढकलला जातो. त्या दिवशी दोन वेढे कापून झाल्यावर बंदूक २४० वर आली आणि मालक दिवसभर आंब्याखाली भजी खात बसला. तेव्हापासून मास्तरच्या डब्यात जास्तीच्या स्प्रिंग असतात. या रायफलीला मागून स्प्रिंग बदलायची सोय होती, नाहीतर गिअरबॉक्स फोडावा लागला असता, आणि ताणलेल्या स्प्रिंगसकट तो उघडला तर सगळे भाग काजूच्या पानांत शोधत बसायचे. एम १०० घातली, परत क्रोनो, ३०४. पास झाल्याचा पिवळा टेप लागला. पोराचं तोंड जरा उतरलं.

त्याला वाटलं रेंज गेली. तसं काही होत नाही. प्लास्टिकची हलकी गोळी हवेत लवकर दमते, सुरुवातीचा जोर थोडा वाढवून फार लांब जात नाही. लांबी मिळते हॉप-अपच्या फिरकीने आणि जरा जड गोळीने. पहिल्या राउंडला काकांनी, ज्यांची बंदूक २८५ दाखवते, याच पोराला पलीकडच्या भिंतीवरून टिपलं, त्यानंतर तो विषय निघाला नाही.

आणि हे सगळं कशाला, तर एअरसॉफ्टमध्ये रंग लागत नाही. पेंटबॉलसारखा डाग नाही, लागलं की लागणाऱ्यानेच हात वर करून हिट म्हणायचं असतं. पूर्ण खेळ शब्दावर. मग कुणाला खूप लागलं की त्याला वाटतं समोरच्याची बंदूक गरम, म्हणजे लिमिटच्या वर आहे, समोरच्याला वाटतं हा हिट घेत नाही, आणि दोघंही प्रामाणिक असतात. अशा वेळी दाखवायला हातात असतो फक्त तो आकडा.

डोळ्यांबाबत मात्र आकडाही चालत नाही. १.१४ ज्यूल कातडीवर लाल ठिपका देतात, डोळ्यात गेले तर डोळा जातो. चष्मा लागतो तो पूर्ण बंद, कडेने फट नसलेला. ईएन १६६ या सुरक्षा-चष्म्यांच्या युरोपियन मानकात याची चाचणी सहा मिलिमीटरच्याच पोलादी गोळीने होते, ०.८६ ग्रॅमच्या. चष्म्यावर एफ असेल तर ४५ मीटर प्रति सेकंदाला तपासलेला, बी असेल तर १२० ला. एफची चाचणी हिशेबाने ०.८७ ज्यूलची, म्हणजे आमच्या लिमिटच्याही खाली. इथे बी लागतो. बाईकचा गॉगल घालून आलेल्याला मास्तर भजी तळायला बसवतो.

(दृश्य : दुपारचे दीड. उन्हात तापलेला चिरा, त्यावर ठेवलेलं एक पिस्तूल.)

जेवणानंतर एकाने हाक मारली, याचं पिस्तूल जरा जास्तच लागतंय. पिस्तूल गॅसचं. सकाळी ०.२५ ने २९० दाखवून पास झालेलं, टेपही आहे. मालक शपथा घेतोय की हातसुद्धा लावला नाही. आणि खरंच लावला नव्हता, म्हणून तर घोळ झाला. पिस्तूल दोन तास या चिऱ्यावर उन्हात पडून होतं. आतला ग्रीन गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन, थोडं सिलिकॉन तेल मिसळलेलं, आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरचा सख्खा भाऊ. २० अंशाला त्याचा दाब असतो साधारण साडेआठ बार, ४० अंशाला पावणेचौदाच्या आसपास. मार्चच्या उन्हात चिऱ्यावरचं लोखंड किती तापतं ते हात लावूनच कळतं. परत क्रोनो केलं, ३२२. लिमिट ३१३.

मास्तरने पिवळा टेप सोलून काढला. भांडण झालं नाही, कारण यात चोर कुणीच नव्हता, पण राउंड थांबवून सगळ्यांची रांग परत लागली, कुरकुर करत, घामाने भिजलेली. गॅसवाल्यांना आता दर ब्रेकला यावं लागेल. जड गोळी टाकली तर गॅसच्या बंदुकीत ऊर्जा अजून चढते, गोळी नळीत जास्त वेळ राहते आणि गॅस तेवढा वेळ ढकलत राहतो, म्हणून ०.२० चा आकडा घेऊन ०.३० ने खेळणं इथे बंद.

पिस्तुलाचं काय करायचं? कुणीतरी गाडीतून थर्माकोलचा बॉक्स आणला. बर्फ नको, गार पडला की गॅसचा दमच जातो, नुसती सावली. वीस मिनिटं झाकण लावून ठेवलं, परत क्रोनो, २९४. दुपारचा निळा टेप लागला. बॉक्स काल म्हापशाहून बांगडे आणायला वापरलेला होता, हे मालकाला पिस्तूल कमरेला लावल्यावर कळलं.