‘मी एकही खाल्ली नाही!’ : एका विनोदी गोष्टीचं व्याकरण

(दृश्य: शाळेची पाटी, व्हरांडा, वर्गाच्या खिडकीतून येणारा हशा. हशा अचानक थांबतो.)

निवेदन :
विनोदी धडा सुरू असला की वर्ग ओळखू येतो. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा ऐकत असतात. मग धडा संपतो, बाई म्हणतात, “हं, आता कृती काढा,” आणि हशा जागच्या जागी विरतो. ‘चौकटी पूर्ण करा.’ ‘आकृतिबंध पूर्ण करा.’ ‘लेखकाच्या स्वभावाची दोन वैशिष्ट्ये लिहा.’ दोन मिनिटांपूर्वी हसू आणणारा मजकूर आता कचेरीतल्या फॉर्मसारखा भरला जातो.

दोष मुलांचा नाही, बाईंचाही नाही. दहावीच्या कुमारभारतीची, म्हणजे मराठीच्या पाठ्यपुस्तकाची, 80 गुणांची कृतिपत्रिका (प्रश्नपत्रिका) पाहा. गद्य 18, पद्य 16, स्थूलवाचन 6, भाषाभ्यास 16, उपयोजित लेखन 24. धडा एका विभागात, व्याकरण दुसऱ्या विभागात. साहजिकच शिकवतानाही दोन्ही वेगळी पडतात. धड्यावर आकलनाचे प्रश्न विचारायचे, आणि समास, प्रयोग, वाक्प्रचार यांच्यासाठी भलतीच वाक्यं आणायची. ‘राम आंबा खातो.’ ‘रामाने आंबा खाल्ला.’ बिचारा राम किती पिढ्या आंबेच खातोय!

या फिल्ममध्ये आम्ही उलट करून पाहणार आहोत. गोष्ट जिथे हसवते, नेमक्या त्याच वाक्यात व्याकरणाचा प्रश्न विचारायचा. विनोदी मजकूर पाठ्यपुस्तकांना नवा नाही. 2018 साली आलेल्या दहावीच्या कुमारभारतीत पु. ल. देशपांडे यांचा ‘उपास’ आहे. पण त्याची उत्तरं गाइडात छापलेली आहेत. म्हणून एक छोटी गोष्ट खास या फिल्मसाठी रचली. गाइडवाल्यांनी क्षमा करावी.

(दृश्य: रेखाचित्रं. स्वयंपाकघर, फडताळ, स्टीलचा मोठा डबा. डब्यावर चिठ्ठी : ‘पाहुण्यांसाठी’.)

निवेदन :
दिवाळीला दोन दिवस उरलेले. आजीने फराळ करायला घेतलाय. लाडू झाले, शेव झाली, करंज्या झाल्या. चकल्यांची भाजणी दळून आली आहे, पण चकल्या उद्या पडायच्या. सगळा फराळ एकाच मोठ्या डब्यात, थरावर थर, मध्ये कागद. डबा फडताळात सगळ्यात वर.

दुपारी आजी डबा काढते, झाकण उघडते, आणि काही न बोलता पुन्हा लावते. मग नातवंडांना हाक मारते. मन्या आणि सुमी भिंतीला टेकून उभे. आजोबा झोपाळ्यावर पेपर वाचतायत.

“डब्यातलं कुणीतरी खाल्लंय,” आजी म्हणते.

“मला काय विचारतेस? मी क्लासला गेले होते,” सुमी म्हणते.

“आईशप्पथ आजी,” मन्या गळ्याला चिमटा घेत म्हणतो, “मी एकही खाल्ली नाही!”

“एकही काय?”

“… काहीच.”

“‘काही खाल्लं नाही’ म्हणतात. ही ‘खाल्ली’ कुठून आली?”

“चकली गं! चकली म्हणायचं होतं मला.”

“चकल्या उद्या व्हायच्यात.”

“मग शेव!”

“एकही शेव खाल्ली नाहीस? शेव मोजून खातोस होय रे?”

मन्या गप्प. सुमीला राहवत नाही. “आजी, याला आता एकही देऊ नकोस. करंज्या आधीच सातच उरल्यात!”

“सात उरल्यात? मी तर झाकण तुमच्यासमोर उघडलंही नाही.”

आता सुमीही गप्प. तेवढ्यात झोपाळ्यावरून, पेपरच्या आडून, आवाज येतो : “या वेळी खुसखुशीत झाल्यात हो. जायफळ मात्र जरा जास्त पडलंय.”

(दृश्य: आजीचा चेहरा. झोपाळ्याची कुरकुर थांबते.)

निवेदन :
गोष्ट एवढीच. या घरात कॅमेरा नाही, ठसे नाहीत, साक्षीदार नाही. मन्याला पकडलं ते एका दीर्घ ईकाराने.

आता वर्गात येऊ. गोष्ट मोठ्याने वाचायची, पण सलग नाही. मन्याचं वाक्य वाचलं की पुस्तक मिटायचं. “मी एकही खाल्ली नाही.” आणि विचारायचं, मन्या खरं बोलतोय का? हात वर होतील. बहुतेक मुलं म्हणतील, खोटं बोलतोय. कशावरून? “तो तसाच दिसतोय.” “शपथ घेतोय म्हणून.” चालेल, पण हे पुरावे नव्हेत. पुरावा वाक्यातच आहे, शोधा. दोन मिनिटं शांतता सोसावी. मराठीच्या तासाला शिक्षकाला सगळ्यात अवघड जाते ती हीच गोष्ट, उत्तर ठाऊक असून गप्प बसणं.

कुणीतरी म्हणेलच, “बाई, खाल्ली!”

इथे प्रयोग शिकवायचा. ‘मी एकही खाल्ली नाही’ यात कर्ता ‘मी’. मन्या मुलगा आहे, पण क्रियापद स्त्रीलिंगी. म्हणजे ते कर्त्याचं ऐकत नाही, कर्माचं ऐकतंय. कर्म वाक्यात उच्चारलेलंच नाही, अध्याहृत आहे. मन्याने ते लपवलं, क्रियापदाने सांगून टाकलं. कर्मणी प्रयोगाची व्याख्या सगळ्यांना पाठ असते, ‘क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते’. पण ही व्याख्या एखाद्याला पकडून देऊ शकते, हे पाठांतराच्या वेळी कुणाच्या डोक्यात येत नाही.

(दृश्य: फळ्यावर फराळाची नावं. बाजूला तो, ती, ते.)

निवेदन :
मग आजीचा तर्क फळ्यावर मांडायचा. इथे ओघतक्ता खरोखरच उपयोगी पडतो, नाहीतर पुष्कळदा तो धड्यातली चार वाक्यं चार चौकटींत कोंबण्यापुरताच असतो. पहिली पायरी : ‘खाल्ली’, म्हणजे वस्तू स्त्रीलिंगी. लाडू बाद. उरल्या शेव, चकली, करंजी. दुसरी पायरी : चकल्या अजून झालेल्या नाहीत. तिसरी पायरी सगळ्यात नाजूक. ‘एकही’. हा शब्द मोजता येणाऱ्या वस्तूलाच लागतो. एक करंजी, दोन करंज्या. शेव मूठभर असते, वाटीभर असते, एक-दोन नसते. शेव बाद. उरली करंजी.

नाम शिकवताना पदार्थवाचक नाम एक ओळीत उरकलं जातं. सोनं, दूध, तांदूळ, पुढे चला. इथे त्याच ओळीवर मन्याचा शेवटचा बचाव कोसळतो.

त्यानंतर वस्तू बदलून पाहायची. मन्याने लाडू खाल्ला असता तर? ‘मी एकही खाल्ला नाही.’ कडबोळं? ‘एकही खाल्लं नाही.’ अनारसा? शंकरपाळ्यांपाशी मात्र वर्गात भांडण होणार, हे धरून चला. कुणाच्या घरी तो शंकरपाळा, कुणाच्या घरी ते शंकरपाळं, कुणाकडे ती शंकरपाळी. भांडू द्यावं. ज्याच्या घरी जे, त्याप्रमाणे क्रियापद बदलून दाखवलं की झालं.

(दृश्य: दोन विद्यार्थी मन्या आणि आजी होऊन संवाद म्हणतात.)

निवेदन :
आमच्या मते या गोष्टीवरची सगळ्यात रंगणारी कृती म्हणजे ‘मन्याला वाचवा’. आजीने प्रश्न विचारलाय. मन्याच्या तोंडी असं वाक्य घाला की तो सापडणार नाही. अट एकच, त्याने गप्प बसायचं नाही.

पहिलं उत्तर सोपं : ‘मी काही खाल्लं नाही.’ नपुंसकलिंग, कुणाचंच नाव फुटत नाही. दुसरं जरा हुशारीचं : ‘मी हात लावला नाही.’ प्रयोग कर्मणीच आहे, पण क्रियापद आता ‘हात’ या शब्दाकडे बघतंय. करंजी सुटली! तिसरं उत्तर देणारं मूल वर्गात असेल तर त्याला शाबासकी द्या : ‘मी त्या डब्याला शिवलोसुद्धा नाही.’ इथे क्रियापद थेट मन्याचंच ऐकतं. हा कर्तरी प्रयोग.

इथून एक वाट फुटते ती जरूर घ्यावी. भूतकाळ आला की कर्मणी, असं मुलं धरून चालतात. पण ‘मी जेवलो’, ‘मी चहा प्यायलो’, ‘मी वही विसरलो’, ‘मी पोहायला शिकलो’, ही सगळी कर्त्याच्या बाजूची. चहा प्यायलेला मन्या निवांत सुटला असता, आणि करंजी खाल्लेला अडकला. हा फरक नियम म्हणून लिहून दिला तर दुसऱ्या दिवशी विसरतो. ‘कोण सुटतं, कोण अडकतं’ अशी यादी मुलांनी स्वतः केली की दिवाळीनंतरही आठवते.

तिसरा प्रयोगही याच घरात आहे. ‘आजीने मन्याला पकडलं.’ ‘आजीने सुमीला पकडलं.’ ‘आजीने नातवंडांना पकडलं.’ मुलगा, मुलगी, सगळी मिळून, क्रियापद ढिम्म हलत नाही. हा भावे प्रयोग. ‘ला’ आणि ‘ना’ लागले की कर्माचं क्रियापदाशी असलेलं नातं तुटतं.

एखादं चौकस मूल विचारील, “रामाने खाल्ला, सीतेने खाल्ला, मग ‘मीने’ का नाही?” हा प्रश्न टाळू नये. जुन्या मराठीत याला वेगळं रूप होतं, ‘म्यां’. ज्ञानेश्वरीत ते भेटतं. आणि ज्ञानेश्वरीपर्यंत जायची तरी गरज काय, गावाकडे ‘म्या भाकर खाल्ली’ म्हणणारी आजी वर्गातल्या अनेकांच्या घरी असेल. व्याकरणाच्या तक्त्यात ‘मी’ची तृतीया ‘मी, म्या’ अशी छापलेली असते, ती याच कारणाने. घरच्या ज्या बोलीला मुलं शाळेत बिचकतात, ती इथे प्रमाण भाषेपेक्षा स्पष्ट बोलते. हे वर्गात मोठ्याने सांगावं.

(दृश्य: ग्रंथालयातलं कपाट. जुन्या व्याकरणांचे कणे.)

निवेदन :
दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण 1836 साली आलं. मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 साली. प्रयोग नेमके किती आणि कोणते, यावर मराठी व्याकरणकारांनी भरपूर वाद घातले आहेत. ते वाद आठवीच्या वर्गात आणायचं कारण नाही. पण व्याकरण हे भांडण्याजोगं प्रकरण आहे, एवढं मुलांना कळलं तरी त्यांचं व्याकरणाशी जरा बरं जमतं.

विरामचिन्हांकडे फार वेळ नको, दोनच जागा पुरे. मराठी लेखनात ही चिन्हं रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. आपण मन्याच्या ‘… काहीच’ पाशी थांबू. त्या तीन टिंबांना लोपचिन्ह म्हणतात. मन्याने तिथे काय गिळलं, ते मुलांना सांगू द्या. दुसरी जागा ‘एकही काय?’ प्रश्नचिन्ह काढून उद्गारचिन्ह घातलं तर आजी भोळी होते, आणि गोष्ट तिथेच संपते. दोन्ही तऱ्हांनी म्हणवून घ्यायचं. विरामचिन्हं कानाने शिकलेली बरी.

(दृश्य: झोपाळा, पेपर, आजोबांचा फक्त चष्मा दिसतो.)

निवेदन :
आता आजोबा. त्यांना मुद्दाम शेवटी ठेवलंय, कारण मन्यासाठी वापरलेली युक्ती त्यांच्यावर चालत नाही. ‘खुसखुशीत झाल्यात. जायफळ जास्त पडलंय.’ खाण्याचं क्रियापदच नाही. ‘मी’ नाही. कबुली म्हणून बोट ठेवावं असा एकही शब्द नाही. शब्दांचा सरळ अर्थ घेतला, अभिधा, तर हा पाककृतीवरचा अभिप्राय आहे. तरी सगळं घर समजायचं ते समजलं. ही व्यंजना. शब्दशक्तीच्या धड्यात व्यंजनेला नेहमी काहीतरी भारदस्त उदाहरण असतं. जायफळ जास्त स्मरणात राहील, असं आम्हाला वाटतं.

यावर स्वमताचा प्रश्न असा : ‘आजोबांवर आरोप सिद्ध होतो का? पुरावा फक्त त्यांच्या शब्दांतून द्या.’ उत्तरं दोन्ही बाजूंनी येतील. एखादा म्हणेल, वासावरूनही जायफळ कळतं. त्याला विचारा, वासावरून खुसखुशीत कळतं का? ‘झाल्यात’ हे अनेकवचन कुठून आलं? सुमीची चूकही अशीच, पण वेगळ्या जातीची. तिच्या वाक्याचं व्याकरण अगदी निर्दोष आहे. तिला पकडलं ते माहितीने, ‘सात’ या आकड्याने. एकाच गुन्ह्यात तिघे तीन वाटांनी सापडतात, ही तुलना चांगल्या वर्गात अख्खी तासिका पुरते.

(दृश्य: फळ्यावर एक प्रश्न लिहिला जातो, पुसला जातो.)

निवेदन :
काय विचारू नये, तेही सांगायला हवं. ‘डबा कोणत्या धातूचा होता?’ हा प्रश्न वाचन तपासत नाही, डोळे उघडे होते का एवढंच तपासतो. ‘या कथेतून कोणता बोध मिळतो?’ हा तर विनोदाचा गळाच दाबतो. उत्तर येणार ‘चोरी करू नये’, पूर्ण गुण मिळणार, आणि आजोबांचं काय ते कुणीच विचारणार नाही.

हसू येण्यासाठी लिंग आपोआप कळावं लागतं, ही एक अडचण खरी. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या, किंवा अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत शनिवार-रविवारी येणाऱ्या मुलांपैकी कित्येकांना ‘मी करंजी खाल्ला’ म्हणताना काहीच खटकत नाही. त्यांच्यापुढे गोष्ट आधी ठेवली तर आजी जादूगार वाटेल. तिथे क्रम बदलावा. प्रथम फराळाचं ताट, प्रत्येक पदार्थाला तो, ती, ते, आणि ‘मी खाल्ला, मी खाल्ली, मी खाल्लं’ असा खेळ. ताट खरं असलं तर उत्तम. गोष्ट पुढच्या आठवड्यात.

(दृश्य: वह्या, लिहिणारे हात.)

निवेदन :
लेखनाची कृती घरी द्यावी. प्रत्येकाने स्वतःचा एक खटला रचायचा. फुटलेली काच, हरवलेली छत्री, संपलेला मोबाइल डेटा. आरोपीला क्रियापदानेच पकडायचं, दुसरा पुरावा चालणार नाही. ‘कुणी फोडलं?’ ‘मी नाही फोडली!’ इथवर सगळे पोहोचतात. मग एखादी धूर्त मुलगी लिहून आणते : ‘मी नाही काही केलं, आपोआप फुटली.’ फोडणे सोडून फुटणे, कर्म गेलं, कर्ताच काच झाली. पण ‘फुटली’ राहिलंच, म्हणजे तीही सापडली. ती वही वर्गात वाचून दाखवावी, आणि तिला सोडवण्याचं काम बाकीच्यांना द्यावं.