रापणीएवढी माणसं

हा मालवणचा किनारा, पावसाळा नुकताच सरलाय, आणि ही दोन रांगांत उभी राहून दोर ओढणारी माणसं बघताय ना, ती रापण ओढतायत. होडी जाळं घेऊन गेली, अर्धगोल टाकून परत आली, आता जाळ्याची दोन्ही टोकं वाळूवर आहेत आणि बाकी सगळं अंगातल्या जोरावर. तीस-चाळीस माणसं लागतात. अर्धी माणसं आली तर अर्धी रापण निघेल असं होत नाही, जाळं जागचं हलतच नाही. मी इथे परत येणारे, तोवर हे दोर ओढणारे हात लक्षात ठेवा.

आता घरी चला माझ्या.

२०१३ चा पावसाळा. लाईट गेलेली, कौलांवर पाऊस, लॅपटॉपची बॅटरी जेवढी उरलेली तेवढ्यात पुण्याच्या मित्राने पाठवलेली सीडी लावली. सिबेलियस म्हणजे फिनलंडचा संगीतकार, त्याची पहिली सिम्फनी, म्हणजे सगळ्या ऑर्केस्ट्राने मिळून वाजवायची मोठी रचना, वाजवणारे अमेरिकेतला मिनेसोटा ऑर्केस्ट्रा, कंडक्टर ओस्मो वॅन्स्का. सुरुवातीला एकटी क्लॅरिनेट, आणि तिच्या खाली टिम्पनी, म्हणजे ते मोठे तांब्याचे नगारे, पण वाजतायत इतके हळू की मला आधी वाटलं बाहेर समुद्राची गाजच येतेय. मग गाज थांबते. क्लॅरिनेट एकटीच उरते, पार एकटी, आणि मागनं व्हायोलिन थरथरत येतात. अंगावर काटा आला. आमच्या घरात गाणं म्हणजे नाट्यसंगीत आणि भजन, हे असलं कोणी कधी ऐकलेलं नाही, तरी आई स्वयंपाकघरातनं येऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, आवाज वाढव जरा.

त्या पावसाळ्यात ती सीडी मी किती वेळा ऐकली त्याला गणती नाही.

आणि खूप नंतर वाचनात आलं की मी ऐकत होतो तेव्हा हीच वाजवणारी माणसं स्वतःच्या हॉलबाहेर होती! पगारकपातीवरून मॅनेजमेंट आणि वादकांचं जुळलं नाही, १ ऑक्टोबर २०१२ ला लॉकआऊट झाला, म्हणजे मॅनेजमेंटनेच वादकांचं काम बंद केलं, तो मिटला जानेवारी २०१४ मध्ये. पंधरा महिन्यांच्या वर पगार बंद. कोणी दुसऱ्या ऑर्केस्ट्रात गेलं, उरलेल्यांनी आपले आपण कार्यक्रम लावले, ऑक्टोबर २०१३ मध्ये वॅन्स्काने राजीनामा दिला (नंतर तो परत आला, ते वाचून फार बरं वाटलं). आणि लॉकआऊटच्या आधी रेकॉर्ड केलेल्या याच सीडीला, सिबेलियसची पहिली आणि चौथी, तंटा मिटला त्याच महिन्यात ग्रॅमी मिळालं. ऑर्केस्ट्राच्या उत्तम वादनाचं बक्षीस, आणि नॉमिनेशन आलं तेव्हा वादक घरी बसलेले. मला हे अजून पचलेलं नाही.

बरं, हे एकट्या मिनेसोटाचं नाही. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा, सगळं जग ज्याच्या रेकॉर्ड ऐकत मोठं झालं, त्याने एप्रिल २०११ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला.

असं का होतं? आता या परत किनाऱ्यावर. १९६६ मध्ये बाउमोल आणि बोवेन या दोन अर्थतज्ज्ञांनी हे मांडून ठेवलंय. कारखान्यात मशीन आलं की तेवढीच माणसं दुप्पट माल काढतात, पगार वाढले तरी परवडतात. पण बेथोव्हनची पाचवी सिम्फनी २२ डिसेंबर १८०८ ला व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली तेव्हा तिला जेवढी माणसं लागली तेवढीच आजही लागतात, आणि वेळही तोच, अर्ध्या तासाच्या थोडा वर. तिथे ट्रॉलर, म्हणजे यंत्रावर जाळं ओढणारी बोट, आणता येत नाही. समोर बघा, तो ट्रॉलर मोजक्या माणसांत जाळं ओढून निघून जातो आणि इथे हे सगळे दोराला लटकलेले. सिम्फनी म्हणजे रापणच आहे, फक्त तिच्या वाट्याला आलेला ट्रॉलर म्हणजे रेकॉर्डिंग, आणि त्या ट्रॉलरचे मासे मीच खातोय, रोज रात्री, आवडीने.

रेकॉर्डिंगला मी वाईट म्हणणार नाही हां. ते नसतं तर मालवणात सिबेलियस आलाच नसता.

पण आमच्याकडची जत्रा आठवते. दशावताराला पेटी, मृदंग आणि झांज, एवढ्यावर रात्र निघते, पहाटे पेटीवाल्याची बोटं गारठलेली असतात, खेळ संपेपर्यंत तो हलत नाही. तिकीट नाही. कोणाचा नवस असतो, कुठे गाव वर्गणी काढतो, देवळाचा मान असतो, म्हणून दरवर्षी मंडळी येते. मुंबईतले आमचे लोक तेच नाटक यूट्यूबवर बघतात, आणि बघून गावाला फोन करतात की पुढच्या जत्रेचा खेळ आमच्या नावाने लावा. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

म्हणून फेब्रुवारीत मी कुडाळला कोकणकन्या पकडली. मुंबईत एनसीपीए म्हणजे नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, २००६ पासून, पगारी वादकांचा देशात हा एकच, आणि त्यातलेही बरेच वादक बाहेरच्या देशांतून बोलवावे लागतात कारण तेवढे तयार वादक इथे घडलेलेच नाहीत. तिकीट काढलं. कार्यक्रमात सिबेलियस नव्हता, नसू दे.

वादक येऊन बसले, कोणी व्हायोलिनचा बो, म्हणजे गज, ताणतंय, कोणी पानं उलटतंय, सगळे आपापलं काहीतरी वाजवतायत, नुसता कल्ला. मग शांत. ओबोने, म्हणजे सनईसारख्या फुंकवाद्याने, एकच स्वर धरला, लांब, सरळ. त्या एका स्वराला आधी फुंकवाद्यं लागली, मग व्हायोलिनं, मग चेलो, आणि शेवटी ते मोठे डबल बास लागले तेव्हा खुर्चीखालची फळी हलली, पायाला कळली. सीडीत हा भाग नसतो, तिथे थेट सिम्फनीच सुरू होते.