मांजराच्या अंगातला जुना व्हायरस

नमस्कार मंडळी. आज मांजरांबद्दल बोलायचंय, म्हणजे त्यांच्या ल्युकेमियाच्या, रक्ताच्या कॅन्सरच्या, व्हायरसबद्दल. घरात मांजर असेल तर फेल्व्ही हे त्याचं नाव टेस्टच्या वेळी कानावर पडलं असेल. हा व्हायरस माणसाला होत नाही, त्यामुळे ऐकता ऐकता मांडीवरचं मांजर खाली ढकलू नका.

१९६४ साली ग्लासगोत विल्यम जॅरेट यांना तो सापडला. एकाच घरातल्या बऱ्याच मांजरांना लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कॅन्सर, होत होता, तेव्हा शंका आली की हे संसर्गाचं काम दिसतंय. पुढे कळलं की याचे प्रकार आहेत, ए, बी, सी वगैरे, आणि एका मांजराकडून दुसऱ्याकडे जातो तो मुख्यतः ए. लाळेतून जातो, एकमेकांना चाटतात ना त्यातून, एकाच वाटीत खाल्लं तरी, शिवाय आईकडून पिल्लांना.

मग बी येतो कुठून? तर बऱ्याचदा त्याच मांजराच्या अंगात तयार होतो, आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हेच.

हा रेट्रोव्हायरस आहे, म्हणजे आपली जनुकं पेशीच्या डीएनएत घुसवून बसणारा. फार पूर्वी याचाच एक नातेवाईक मांजरांच्या पूर्वजांच्या बीजपेशींत घुसला आणि तेव्हापासून पिढ्यानपिढ्या वारशाने येतोय, त्यामुळे आज प्रत्येक घरगुती मांजराच्या डीएनएत त्याच्या प्रती आहेत, अगदी ठणठणीत मांजराच्यासुद्धा. त्या मोडक्या आहेत, त्यांच्यापासून आपला आपण पसरेल असा व्हायरस काही बनत नाही. पण त्यांचा आरएनए, म्हणजे जनुकांवरून उतरवलेली नक्कल, पेशीत तयार होत राहतो, आणि घोटाळा तिथेच आहे.

रेट्रोव्हायरसच्या एका कणात आरएनएच्या दोन प्रती भरल्या जातात. बाहेरून आलेला ए पेशीत शिरला, नवे कण बनायला लागले, की कधीतरी एक प्रत ए ची आणि दुसरी मांजराच्या स्वतःच्या जुन्या जनुकांची अशी जोडी आत जाते. तो कण पुढच्या पेशीत गेला की आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम मध्येच एका प्रतीवरून दुसरीवर उडी मारतं, शेजारी ठेवलेल्या दोन वह्यांतून उतरवून घेताना नजर भलत्याच वहीवर जावी तसं. अशा वेळी व्हायरसच्या बाहेरच्या आवरणाच्या जनुकाचा तुकडा मांजराकडचा आणि बाकीचा ए चा, असा बी तयार होतो.

आवरण बदललं म्हणजे पेशीत शिरायची पद्धतच बदलली. ए हा बी-१ जीवनसत्त्व आत घेणाऱ्या प्रोटीनला चिकटतो, बी मात्र फॉस्फेट आत नेणाऱ्या प्रोटीनला. ए च्या जोडीला बी असेल तर ट्यूमरचं प्रमाण जास्त दिसतं. म्हणून माझ्या मते सगळा जोर ए आत येऊ न देण्यावर हवा, म्हणजे नवं मांजर घरी आणलं की टेस्ट होईपर्यंत वेगळं ठेवा, कितीही गोंडस असलं तरी.

टेस्टवरनं आठवलं, पीसीआर, म्हणजे व्हायरसची जनुकं शोधणारी टेस्ट, करणाऱ्या लॅबला या व्हायरसचा कुठलाही तुकडा शोधून चालत नाही, नाहीतर प्रत्येक मांजर पॉझिटिव्ह येईल! बाहेरच्या व्हायरसमध्येच असतो असा तुकडा त्यांना निवडावा लागतो.

आता अमेरिकेतल्या फ्लोरिडातले पॅन्थर, म्हणजे खरं तर प्यूमा, मांजराच्याच कुळातला मोठा रानटी प्राणी. २००२ ते २००४ च्या सुमारास त्यांच्यात फेल्व्ही शिरला, घरगुती मांजरांकडूनच. काही मेले, मग रानातले प्यूमा पकडून पकडून लस द्यावी लागली. प्यूमाच्या डीएनएत या जुन्या प्रती नसतात, त्यामुळे बी त्यांच्या अंगात बनायचा प्रश्नच नाही असा हिशोब होता. तरी २०१९ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात पॅन्थरमध्ये बी सापडला, म्हणजे तो मांजरांच्या अंगात बनून तयार स्वरूपातच तिकडे गेला असणार. बी एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे फारसा जात नाही असं मानलं जायचं, ते आता तितक्या खात्रीने म्हणता येत नाही.